तालीम म्हणजे शिक्षण

आज आपण तालमीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांचं आणि तालमीचं काय नातं? ती तर गड्यांची जागा. लंगोट, लाल माती, मारुतीचा फोटो आणि आतून येणारा शड्डूचा आवाज. आपण बाया तिथून पदर सावरून पुढे जातो. पण गटाच्या बैठकीत हप्ते आणि व्याजाचं बोलून झालं की विषय लेकरांवर येतोच. पोरगं मोबाईल सोडत नाही. पोरगी कुणाशी बोलत नाही. नापास झाल्यापासून लेकरू घराबाहेर पडत नाही. मग कुणीतरी म्हणतं, त्याला कराटेला घाला, कुस्तीला पाठवा, अंगात थोडी धमक येईल. हे बोलणं बहुतेक वेळा मुलाबद्दल असतं. मुलीचं नाव निघालं की लगेच ऐकू येतं, तिला कशाला?

म्हणून यावेळी आम्ही ठरवलं की तालमीचा इतिहासच तुमच्यापुढे मांडावा. लेकराला कठीण गोष्टीतून वाढवायचं कसं, याचा विचार आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वीपासून झालेला आहे. आणि त्यातून मुलींना वगळलं कसं गेलं, हेही त्याच इतिहासात दिसतं.

आधी हा शब्दच बघू. तालीम हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. उर्दूत आजही तालीम म्हणजे शिक्षण. आपला मुलूख कित्येक पिढ्या निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या माणसांना हा अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता. शाळेत अक्षराची तालीम आणि आखाड्यात शरीराची तालीम. दोन्हीकडे शिकणंच.

आखाड्यात शिकणं कसं होतं ते बघा. गेल्या दिवशी कुणी कुस्ती लावत नाही. आधी माती खणायची. ही माती साधी नसते. चाळलेल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवतात. रोज खोऱ्यानं उकरली नाही तर ती दगडासारखी होते. म्हणजे नव्या पोराचं पहिलं काम सगळ्यांसाठी जागा मऊ करण्याचं. मग जोर-बैठका. मग पडायचं कसं ते. हनुवटी छातीला लावायची, हात मोकळे सोडायचे, पाठीवर गोल लोळत जायचं. पडायची भीती गेल्याशिवाय डाव शिकवून उपयोग नसतो. जो पोरगा पडायला घाबरतो, तो अंग आखडून घेतो, आणि आखडलेल्या अंगालाच इजा जास्त होते. त्यानंतर जोड बघून, म्हणजे वजन आणि वय बघून, बरोबरीच्या पोराशी खेळवतात. आज पाच किलो उचलणाऱ्याला वस्ताद उद्या पन्नास उचलायला लावत नाही. थोडं जड, मग आणखी थोडं जड. आणि शेजारी वस्ताद उभा.

आम्हाला वाटतं, सगळं सार या शेवटच्या गोष्टीत आहे. कठीण काम, पण झेपेल एवढं, आणि जवळ एक जाणतं माणूस. यातलं एकही कमी पडलं तर लेकरू वाढत नाही, नुसतं पोळतं.

आता मल्लखांबाची गोष्ट सांगतो, कारण तिचा आपल्या निजामी मुलखाशी संबंध आहे. खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात सापडतो. तो कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराचा ग्रंथ. पण आज आपण बघतो तो मल्लखांब पेशवाईत, बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हैदराबादकडचे दोन नामांकित मल्ल, अली आणि गुलाब, पुण्यात आले आणि त्यांनी दरबारात आव्हान टाकलं, अशी आख्यायिका सांगतात. कुणी पुढे येईना. तेव्हा बाळंभट नावाच्या तरुणानं तयारीसाठी मुदत मागितली आणि तो वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर गेला. तिथं झाडांवर खेळणारी माकडं बघून त्याला सुचलं की जोडीदार नसेल तर झाडाच्या खांबालाच जोडीदार करावा. त्या खांबाशी झटून त्यानं अंग तयार केलं आणि परत येऊन कुस्ती जिंकली.

आख्यायिकेत भर पडतेच. पण तिच्यातला विचार खरा आहे. मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. सागवानी किंवा शिसवी लाकडाचा, माणसाच्या डोक्याहून उंच, खाली जाड आणि वर निमुळता. त्याला एरंडेल चोळतात. दंडानं, मांडीनं, पायाच्या पंजानं त्याला पकडायचं आणि सगळा भार आपला आपण तोलायचा. खांब कुणाचा अपमान करत नाही, चिडवत नाही. पकड सुटली की लेकरू खाली येतं, आणि पकड का सुटली हे त्याचं त्यालाच कळतं. दोरीच्या मल्लखांबात तर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर धरून वर चढायचं असतं. आज कितीतरी मुली दोरीच्या मल्लखांबात पुढे आहेत. मुंबईत शिवाजी पार्कला श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. तिथले उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन आणि अनाथ मुलांनाही मल्लखांब शिकवला. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डोळ्यांनी दिसत नाही ते लेकरू दोरीवर उलटं लटकून आसन करतं, तर आपल्या पोरीला जमणार नाही असं आपण कशावरून म्हणतो?

आपल्यापासून वाशीम ओलांडून पुढे गेलं की अमरावती. तिथं 1914 साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. 1936 साली बर्लिनला ऑलिंपिक भरलं तेव्हा या मंडळाच्या पथकानं तिथं जाऊन आपले देशी खेळ करून दाखवले. गावातला एक आखाडा नीट चालवला तर तो कुठवर जातो, त्याचं हे उदाहरण.

आता मुलींकडे येऊ. झाशीची राणी लक्ष्मीबाई आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिचं माहेरचं नाव मणिकर्णिका तांबे. घर मराठी. पेशवाई गेल्यावर दुसरा बाजीराव उत्तरेत ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला, जाऊन राहिला. त्याच्या आश्रयाला तिचे वडील होते. आई लहानपणीच वारलेली. नानासाहेबांसारख्या मुलांबरोबर ती घोडा आणि तलवार शिकली. आपण तिला देवीसारखी मानतो आणि तिथंच थांबतो. पण तिच्याबाबत घडलं ते साधं आहे. मुलं शिकत होती तिथून तिला कुणी हाकलून दिलं नाही. अशा त्या काळात कितीशा मुली असतील?

दुसरं उदाहरण पुण्याच्या गंज पेठेतलं. लहुजी राघोजी साळवे, ज्यांना आपण लहुजी वस्ताद म्हणतो. मातंग समाजातला हा माणूस. त्यांचे वडील राघोजी 1817 साली खडकीच्या लढाईत इंग्रजांशी लढताना पडले. पुढे लहुजींनी तालीम काढली. दांडपट्टा, तलवार, नेमबाजी, कुस्ती असं सगळं तिथं शिकवलं जाई. त्यांच्या तालमीचं दार एका जातीपुरतं नव्हतं. जोतीराव फुले तिथं शिकले. ज्या काळात सावली पडली तरी विटाळ मानत, त्या काळात वरच्या जातीची पोरं मातंग वस्तादाला गुरू मानून पाया पडत होती.

1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंवर शेणमाती फेकली गेली, हे आपण जाणतो. त्या दिवसांत लहुजी वस्ताद आणि त्यांची माणसं फुले दांपत्याच्या पाठीशी उभी राहिली, आणि आपल्या वस्तीतल्या लेकरांना शाळेत पाठवण्यासाठी लहुजींनी खटपट केली. त्यांच्याच नात्यातली मुक्ता साळवे ही मुलगी फुल्यांच्या शाळेत शिकली. चौदा वर्षांच्या मुक्तानं आपल्या समाजाच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तालमीतल्या माणसानं शाळेचं दार राखलं आणि शाळेतून मुक्ता निघाली. शरीराची तालीम आणि अक्षराची तालीम कशी एकमेकींना धरून होती, ते इथं दिसतं.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. निजामी राज्यात सभा, शाळा, आखाडे यांवर सरकारची नजर असे. माणसं एकत्र जमून अंग कमवतात, ही गोष्ट सत्तेला खुपते. तरीही आर्य समाजाच्या आणि इतर कार्यकर्त्यांच्या आखाड्यांतून तरुण तयार झाले आणि मुक्तिसंग्रामात उतरले. त्यात बायाही होत्या. जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांना लोक मराठवाड्याची झाशीची राणी म्हणत. शाळा न शिकलेली, शेतकरी घरातली बाई घोड्यावर बसून लढ्याच्या कामाला निघाली. 17 सप्टेंबर 1948 ला आपण मुक्त झालो. दरवर्षी झेंडावंदन होतं तेव्हा लेकरांना पुरुषांची नावं सांगतो, तसं हेही नाव सांगा.

याच काळात, 1941 साली, तिकडे राष्ट्र सेवा दलाची नव्यानं उभारणी झाली. त्यांच्या शाखांत मुलं-मुली एकाच मैदानात कवायत, लेझीम, लाठी करत. आज आपल्याला ही साधी गोष्ट वाटेल. तेव्हा अनेक घरांत त्यावरून भांडणं झाली असतील.

आता हरण्याची गोष्ट. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव. घरात कुस्ती होती, वडीलही मल्ल. खाशाबा उंचीनं, अंगानं लहान. 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले. मातीतला हा पैलवान, गादीवरच्या कुस्तीचे नियम नवे. सहावे आले. परत येऊन चार वर्षं तयारी केली. 1952 साली हेलसिंकीला जायचं ठरलं, पण पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाकडे परतले तेव्हा बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली.

आम्ही ही गोष्ट ऐकतो तेव्हा आमचं लक्ष पदकापेक्षा दोन गोष्टींवर जातं. एक, सहावा आलेल्या पोराला कुणी घरी बसवलं नाही. दुसरी, वर्गणी. दहा-वीस रुपये करून पैसा उभा करणं आपल्याला नवीन आहे का? गट तेच तर करतो.

पण हाच महाराष्ट्र मुलींच्या बाबतीत कसा वागला, तेही सांगितलं पाहिजे. 1954 साली हमीदा बानू नावाची उत्तर प्रदेशातली पैलवान बाई देशभर गाजत होती. जो मला हरवील त्याच्याशी लग्न करीन, असं तिचं आव्हान होतं. बडोद्याला तिनं बाबा पहिलवानाला दीड मिनिटाच्या आसपास चीत केलं. पण आपल्या महाराष्ट्रात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. बाईनं गड्याशी खेळायचं नाही, म्हणे. पुढे 1961 साली आपल्याच औरंगाबादेत महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा झाली. पुरुषांची. बायांची महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली ती 2023 साली, सांगलीत, आणि तिथल्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. मध्ये 62 वर्षं गेली. म्हणजे दोन-तीन पिढ्यांच्या मुली दाराबाहेर उभ्या राहिल्या.

जगातही फार वेगळं नव्हतं. ऑलिंपिकमध्ये बायांची कुस्ती 2004 साली आली. 2016 ला हरियाणाच्या साक्षी मलिकनं कांस्यपदक आणलं. आणि याच साक्षीला 2023 साली इतर पैलवान मुलींसोबत दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं, कारण कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते. हे आम्ही घाबरवायला सांगत नाही. दार उघडलं की काम संपत नाही, आत कोण उभं आहे तेही आईनं बघायचं असतं, म्हणून सांगतो.

मैत्रिणींनो, आपल्या भागात दिवाळीनंतर किती जोड्या कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. लेकरं आजीजवळ राहतात. पोरगी बारा-तेरा वर्षांची झाली की घरात कुजबुज सुरू होते. हिला एकटी कशी ठेवायची? हात पिवळे करून टाकू. अठरा वर्षांच्या आत लग्न करणं हा गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी भीती कायद्यापेक्षा मोठी ठरते. आमच्या ओळखीतली एक मुलगी शाळेत स्वसंरक्षण शिकत होती. घरी येऊन ती धाकट्या भावाला डाव दाखवायची. मग घरच्यांनी बंद केलं. लोक काय म्हणतील, हात-पाय उचलणाऱ्या पोरीला कोण करून घेईल, हे त्यांचं म्हणणं. ज्या भीतीपायी तिचं शिकणं थांबवलं, त्याच भीतीशी लढायला ती शिकत होती.

एक गोष्ट मात्र नीट समजून घेऊ. मुलीवर कुणी हात टाकला तर दोष हात टाकणाऱ्याचा. तिला लाठी येत नव्हती म्हणून झालं, असं कधीही म्हणायचं नाही. तीन महिन्यांच्या प्रशिक्षणानं कुणी झाशीची राणी होत नाही. मग उपयोग काय? मुलगी मोठ्यानं 'नको' म्हणायला शिकते. पडली तर उठते. दहा मुलींच्या ओळीत उभी राहते, म्हणजे तिला दहा मैत्रिणी मिळतात. आणि बिनसलं तर सांगायला एक मोठं माणूस मिळतं. मुलालाही हेच मिळतं, आणि वर एक गोष्ट जास्त. ताकद आली की ती कुठं वापरायची नाही, हे वस्ताद शिकवतो. कुस्तीच्या आधी हात मिळवायचा, नंतरही मिळवायचा. चीत झालेल्याला मारायचं नाही. घरात बायकोवर हात उगारणारा गडी कितीही जोर काढो, त्याची तालीम कच्चीच म्हणायची.

मग आपण काय करू शकतो? समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, तीन महिन्यांचं. आपल्या शाळेत ते झालं का, कधी होणार, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा. त्या समितीत निम्म्या तरी बाया असाव्या लागतात, तेव्हा तो आपला हक्कच आहे. गावात जुनी तालीम असेल तर मुलींसाठी वेगळी वेळ मागा. ग्रामसभेत विषय मांडा. दोर, गादी यासाठी ग्रामसंघातून वर्गणी निघू शकते.

आणि शिकवणाऱ्याला पारखून घ्या. तो कुठं शिकला? अंगाला हात लावण्याआधी लेकराला सांगतो का, विचारतो का? वर्गात एखादी बाई हजर असते का? पालक आले तर दार बंद करतो का? वजन उतरवायला लेकराला उपाशी ठेवतो का? हरलेल्याला सगळ्यांसमोर घालून-पाडून बोलतो का? दुखतं म्हटल्यावर थांबतो का? यातल्या एकाही गोष्टीची शंका आली तर लेकराला तिथून काढा. आणि लेकरू म्हणालं की मला तिथं जायचं नाही, तर आधी का ते शांतपणे विचारा. आळशी म्हणून हिणवू नका. काही वाईट घडलं असेल तर 1098 हा लेकरांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. बायांसाठी 181 आहे. दोन्ही क्रमांक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आपल्या जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो. रेवड्यांच्या, नारळाच्या कुस्त्या लहान पोरांपासून सुरू होतात, आणि हरलेल्या पोरालाही कुणीतरी पाठीवर थाप देतं. तिथं गोल करून बसलेल्या माणसांत आपण बाया फारशा नसतो. या वर्षी जाऊ. पोरींना बरोबर नेऊ आणि पुढच्या ओळीत बसवू. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते झाल्यावर एक प्रश्न वहीत लिहा: आपल्या गावातल्या मुली कुठं खेळतात? उत्तर काय निघतं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात तुमची उत्तरं वाचून दाखवू.

तोवर, नमस्कार.